टायरचे रबर काँक्रीटमध्ये: उपयोग की विल्हेवाट?

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात जानेवारी २०२५ मध्ये जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि त्यात दोन स्त्रिया व दोन मुले प्राणास मुकली. त्या भट्टीत टाकले जाणारे टायर युरोपातून आलेले होते. पुढे मार्च महिन्यात बीबीसीने एक शोधवृत्त प्रसिद्ध केले. पुनर्वापरासाठी म्हणून ब्रिटनमधून रवाना झालेले टायर प्रत्यक्षात भारतातील अशाच भट्ट्यांच्या तोंडी कसे पडतात, याचा माग त्यात घेतलेला होता. टायरांच्या गठ्ठ्यांत ठावठिकाणा कळविणारी यंत्रे दडवून त्यांचा सारा प्रवास नोंदविण्यात आला होता. स्फोटानंतर त्या परिसरातील सात कारखाने बंद करण्यात आले. कारखाने बंद झाले म्हणून टायर नाहीसे होत नाहीत. ते दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या राज्यात जातात. तेव्हा टायर जाळावयाचे नाहीत तर त्यांचे करावयाचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

या प्रश्नाला गेली तीन दशके एक मोहक उत्तर दिले जात आहे. टायरचा बारीक चुरा करावा आणि तो वाळूच्या वा खडीच्या जागी काँक्रीटमध्ये मिसळावा. टायरांचे ढीग हटतील, नद्यांची वाळूही वाचेल. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही युक्ती ऐकताक्षणी पटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत रबरी काँक्रीटचा ठोकळा वारंवार दिसतो तो त्यामुळेच. युक्ती खोटी आहे असे नाही. तथापि ती जितक्या सरळपणे सांगितली जाते तितकी सरळ ती नाही. रबर घातल्याने काँक्रीटच्या अंगी एखादा हवासा गुण येत असेल तर त्याला ‘उपयोग’ म्हणता येईल. तसा गुण येत नसेल, केवळ ढीग कमी करावयाचा म्हणून रबर घातले जात असेल, तर ती निव्वळ विल्हेवाट झाली. आणि तीही दुसऱ्याच्या जमिनीत, दुसऱ्याच्या भिंतीत. सारा वाद या एका भेदाभोवती फिरतो, आणि नेमका तोच भेद उत्साहाच्या भरात पुसला जातो.

टायर इतका चिवट का, हे आधी पाहिले पाहिजे. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत ठिसूळ होते. गंधक मिसळून उष्णता दिली की ही खोड जाते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांच्या १८३९ मध्ये लक्षात आले आणि आधुनिक रबर उद्योगाचा पाया घातला गेला. गंधकामुळे रबराच्या लांबलचक साखळ्या एकमेकींशी जखडल्या जातात. टायर हजारो किलोमीटर धावतो तो या जखडणीच्या जोरावर, आणि निकामी झाल्यावर तो पुन्हा वितळत नाही तोही याच जखडणीमुळे. प्लॅस्टिकची बादली वितळवून दुसरी बादली करता येते; टायर वितळवून टायर करता येत नाही. शिवाय टायर म्हणजे निव्वळ रबर नव्हे. त्यात नैसर्गिक व कृत्रिम रबराचे मिश्रण, काजळी, गंधक, जस्ताचे संयुग, पोलादी तारा आणि धाग्यांचे थर हे सारे एकजीव झालेले असते. ज्या गुणांसाठी आपण त्याला किंमत मोजतो, तेच गुण तो टाकून देताना आपल्याला नडतात.

आपल्याकडे टायर सहसा एका मरणाने मरत नाही, ही गोष्ट पाश्चात्त्य आकडेवारी वाचताना विसरली जाते. मालमोटारीचा टायर झिजला की त्याला नवा पट्टा चढवून, म्हणजे रिमोल्ड करून, तो पुन्हा रस्त्यावर येतो. तेथूनही उतरला की तो उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाडीखाली लागतो. त्यानंतर त्याच्या चपला होतात, किंवा झोपडीचे पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून तो छपरावर जाऊन बसतो. काटकसरीची ही रीत कोणत्याही शासकीय धोरणाने शिकवलेली नाही, आणि ती टाकाऊ मानण्याचे कारण नाही. पण पत्र्यावरच्या त्या टायरात पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यूचा डास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. त्याची अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या परिसरात आशियाई ‘टायगर’ डासाची वस्ती आढळली; तो जुन्या टायरांच्या व्यापारातून समुद्र ओलांडून आला होता. साठवून ठेवलेला टायर निरुपद्रवी असतो, हा समज त्यामुळे टिकत नाही. मोठ्या ढिगांची गोष्ट तर आणखी निराळी. कॅनडातील हॅगर्सव्हिल येथे १९९० साली पेटलेला टायरांचा ढीग सतरा दिवस जळत होता.

आता काँक्रीटकडे वळू. सिमेंट व पाणी यांचा लगदा हा काँक्रीटमधील गोंद, आणि वाळू व खडी हा त्याचा सांगाडा. या सांगाड्याकडून दोन अपेक्षा असतात: तो स्वतः टणक असावा आणि गोंदाने त्याला घट्ट धरावे. रबर या दोन्ही अपेक्षांना उतरत नाही. ते दाबाखाली दबते, आणि पाण्याला दूर लोटणारे असल्यामुळे सिमेंटचा लगदा त्याला नीटसा चिकटत नाही. उलट त्याच्या खरबरीत अंगाभोवती हवेचे बुडबुडे अडकून राहतात. परिणाम काय होतो, हे एल्डिन व सेनूसी या संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसले. सगळी खडी काढून तिच्या जागी टायरचे तुकडे घातले तेव्हा काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. म्हणजे शंभरातील पंधरा भाग उरले. वाळूच्या जागी रबराचा चुरा घातला तेव्हा हीच घट ६५ टक्क्यांपर्यंत गेली. १९९९ मध्ये खातिब व बयूमी यांनी असा निष्कर्ष काढला, की वाळू-खडीच्या एकूण आकारमानाच्या वीस टक्क्यांपलीकडे रबर जाऊ देऊ नये.

एवढ्यावरून कल्पना निकालात काढणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण त्याच प्रयोगांनी दुसरी बाजूही दाखविली. साधे काँक्रीट मोडते ते एकाएकी, तडकून. रबरी काँक्रीट तसे फुटत नाही. ते दबते, चिरा पडल्या तरी एकत्र राहते, आणि मोडण्यापूर्वी बरीच ऊर्जा पोटात घेते. ते वजनाला हलके असते, कारण दगडाची घनता पाण्याच्या अडीचपटीहून अधिक, तर रबराची पाण्यापेक्षा जेमतेम अधिक. उष्णता व आवाज त्यातून कमी जातात. रबराचा चुरा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुऊन घेतला तर सिमेंटशी त्याची पकड काहीशी सुधारते, असे ब्राझीलमधील संशोधनातून पुढे आले. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात रबरी काँक्रीटचे स्तंभ तंतूंच्या आवरणात बंदिस्त करून, भूकंपात ते किती वाकू शकतील, याचा अभ्यास झाला. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये खडीच्या जागी संपूर्णपणे रबर वापरून, काँक्रीट ओले असतानाच साच्यात दाबून धरण्याची एक पद्धत मांडली. हे सारे उद्योग स्तुत्य आहेत. मात्र प्रयोगशाळेत साचा दाबून धरणे निराळे, आणि तालुक्याच्या गावी मिक्सर फिरवून, घमेल्याघमेल्याने स्लॅब टाकणे निराळे. ज्या बांधकामावर पाण्याचे प्रमाणसुद्धा अंदाजाने ठरते तेथे कॉस्टिक सोड्याचे प्रमाण कोण सांभाळणार?

येथेच मोठा धोका संभवतो. शक्ती घटली की ती भरून काढण्याचा हाताशी असलेला उपाय म्हणजे सिमेंट वाढविणे. कागदावर हिशेब जमतो: रबर घातले, सिमेंटची आणखी एखादी गोणी घातली, ठोकळा अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीला उतरला, आणि बांधकामाला पर्यावरणस्नेही म्हणून मिरविण्याची सोय झाली. परंतु एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डाय ऑक्साइड हवेत जातो. टायर वाचविण्यासाठी चुनखडीचे डोंगर जाळावयाचे असतील तर हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. रबरी काँक्रीटचे कोणतेही प्रात्यक्षिक दाखविले जात असताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो हाच, की तेवढ्याच मजबुतीच्या साध्या काँक्रीटपेक्षा यात सिमेंट किती जास्त गेले?

रबराच्या बाजूने बोलताना औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा दाखला हमखास दिला जातो. राखही एके काळी कचराच होती. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ येथे तिचे डोंगर साठले होते. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीज केंद्रांपासून पन्नास किलोमीटरच्या आत राखेचा वापर बंधनकारक केला. हे अंतर २००३ मध्ये शंभर आणि २०१६ मध्ये तीनशे किलोमीटर झाले. फुकट नेली जाणारी राख पुढे पैसे देऊन घ्यावी लागू लागली. तेव्हा राखेचे झाले ते रबराचे का होऊ नये, असे विचारले जाते. उत्तर रसायनशास्त्रात आहे. राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीटच्या मजबुतीत स्वतःची भर घालते. तिच्यामुळे सिमेंट कमी लागते. रबर काहीच भर घालीत नाही. ते केवळ जागा अडविते. राखेला बाजारपेठ मिळाली ती अधिसूचनेइतकीच तिच्या अंगच्या गुणाने. अधिसूचना काढून गुण निर्माण करता येत नाही.

मग प्रश्न येतो किमतीचा, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने विषय येथे खऱ्या अर्थाने सुरू होतो. ‘टाकाऊ टायर’ असे म्हटले की तो फुकट आहे असा आभास होतो. वस्तुतः आपल्या देशात जुन्या टायरला गिऱ्हाईक आहे. एक नव्हे, चार-पाच आहेत. रिमोल्ड करणारा त्याला विकत घेतो. रिक्लेम रबर करणारा कारखानदार उष्णता व रसायने देऊन गंधकाची जखडण काही अंशी सैल करतो आणि ते रबर चटया, नळ्या व नव्या टायरांतही काही प्रमाणात घालतो. रस्त्याचे डांबर अधिक टिकावे म्हणून त्यात रबराचा चुरा मिसळण्याची रीत आपल्याकडे रुळलेली आहे आणि तिला भारतीय मानकाचा आधार आहे. सिमेंटच्या भट्टीत टायर कोळशाच्या जागी जळतो, आणि त्यातील पोलादसुद्धा सिमेंटला लागणाऱ्या लोहाच्या कामी येते. आणि शेवटी, वाड्यातल्यासारखी तेलाची भट्टी आहेच. या साऱ्यांत टायरला अधिक भाव जो देतो त्याच्याकडे टायर जातो. भट्टीवाला अधिक भाव देऊ शकतो याचे एक उघड कारण असे, की धुराची, काजळीची, कामगाराच्या फुप्फुसांची आणि प्रसंगी शेजाऱ्याच्या जिवाची किंमत त्याच्या हिशेबवहीत येतच नाही.

दुसऱ्या बाजूला वाळू. टायरमधील तारा व धागे काढून, तो दळून, चाळून केलेला बारीक चुरा किलोमागे वाळूच्या कित्येक पट महाग पडतो. रबर हलके असल्यामुळे तेवढीच जागा भरण्यास त्याचे वजन निम्म्याहूनही कमी लागते, ही सवलत धरली तरी तफावत मिटत नाही. वाळू स्वस्त का, याचे उत्तर मात्र वाळूत नाही. उपशाने नदीचे पात्र खोल जाते, काठच्या विहिरी आटतात, पुलांचे पाये उघडे पडतात. ब्रासमागे घेतल्या जाणाऱ्या स्वामित्वधनात यातले काय काय धरलेले असते? चोरीच्या वाळूवर तर तेही भरले जात नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले, हे योग्यच झाले. दगड दळून केलेली ही वाळू नदीच्या वाळूला खरा पर्याय आहे. परंतु त्यामुळे रबराचा एक युक्तिवाद लंगडा होतो हेही मान्य केले पाहिजे. नदी वाचविण्यासाठी रबरावाचून गत्यंतर नाही, असे आता म्हणता येणार नाही.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहावा. एक घनमीटर काँक्रीटला सुमारे सातशे किलो वाळू लागते. तिच्यातील दहा टक्के जागा रबराला दिली तर रबर लागेल सुमारे तीस किलो, म्हणजे मोटारीच्या पाच-सहा टायरांचे. दोन मीटर रुंद व दहा सेंटिमीटर जाड असा पदपथ एक किलोमीटर केला तर काँक्रीट होते दोनशे घनमीटर आणि त्यात जिरतात हजारभर टायर. हा आकडा क्षुल्लक नाही, अचाटही नाही. देशात दरवर्षी निकामी होणाऱ्या टायरांचे वजन लाखो टनांत जाते, हे लक्षात घेता काँक्रीट हा टायरांच्या प्रश्नावरचा रामबाण उपाय होऊ शकत नाही. पण नगरपालिकेच्या आवारात साठलेल्या टायरांपुरता तो एक उपाय होऊ शकतो. दळणारा कारखाना जवळ असला पाहिजे, एवढी अट मात्र आहे. चुऱ्यासाठी दोनशे किलोमीटर ट्रक धावविण्यात कसले शहाणपण?

तेव्हा प्रश्न असा मांडावयास हवा: काँक्रीटची कोणती कामे अशी आहेत, जेथे मजबुतीची फारशी गरज नसते आणि हलकेपणा, उष्णतारोध किंवा धक्का सोसण्याची शक्ती यांची गरज असते? अशी कामे आपल्याकडे कमी नाहीत. मुंबई-पुण्याकडच्या गच्च्यांवर पाणी मुरू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. त्याचे ओझे बारा महिने इमारतीच्या डोक्यावर असते. न्हाणीघराखाली खाली सोडलेला स्लॅब नंतर भरून काढावा लागतो, आणि तो भरावही मजबुतीसाठी नसतोच. रस्त्याच्या मधोमध उभे केलेले दुभाजक, बागांतील वाटा, खेळाच्या मैदानांचा तळ, यंत्राखालचा धक्के शोषणारा चौथरा, या ठिकाणी रबराचे अंगभूत गुण कामास येतात. येथे रबर पाहुणा म्हणून नव्हे, कामकरी म्हणून येतो. पदपथावर बसविण्याच्या ठोकळ्यांविषयी मात्र घाई करू नये. वाहने न जाणाऱ्या जागीसुद्धा भारतीय मानक त्यांच्याकडून तीस न्यूटनची मजबुती मागते, आणि रबराची मात्रा थोडी जास्त झाली की ती हातची जाते. शिवाय झिजणाऱ्या पृष्ठभागावरचे रबर पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत जाणार. टायर टिकावा म्हणून त्यात घातलेल्या एका रसायनाचे ओझोनशी संयोग होऊन जे द्रव्य बनते ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कोहो जातीच्या सामन माशांना मारते, हे २०२० मध्ये उघडकीस आले. कोबा किंवा भराव यांत रबर सिमेंटच्या आत गाडले जाते व वर दुसरा थर असतो. झिजेचा प्रश्न तेथे येत नाही. आणि खांब, तुळया, राहत्या घरांचे स्लॅब? त्यांच्यापासून रबर आज तरी दूरच ठेवावे. २०१६ च्या भारतीय मानकाने पोलाद कारखान्यातील मळी, वीज केंद्रातील तळराख, जुन्या काँक्रीटची खडी यांना काँक्रीटमध्ये रीतसर प्रवेश दिला. त्या यादीत रबर नाही. त्याचा अर्थ रबर कायमचे त्याज्य आहे असा नव्हे. पण मानक आडवे येते म्हणून त्याला बगल द्यावी, हा अर्थ तर मुळीच नव्हे.

एवढे ठरले तरी बाजार आपण होऊन हे करणार नाही, कारण कंत्राटदाराला महाग चुरा घेण्याचे प्रयोजन नाही. प्रयोजन निर्माण करण्याचे साधन सरकारने २०२२ मध्ये तयार केले आहे. त्या वर्षी जुलैमध्ये घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन टायर बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या टायरांची जबाबदारी टाकण्यात आली. दोन वर्षांपूर्वी बनविलेल्या टायरांच्या पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून १०० टक्के वजनाइतक्या टायरांचा पुनर्वापर झाला, असे दाखविणारी प्रमाणपत्रे कंपन्यांनी पुनर्वापर करणाऱ्यांकडून विकत घ्यावयाची आहेत. तेल काढण्यासाठी जुने टायर आयात करण्यास त्याच नियमांनी बंदी घातली. बंदीनंतर अडीच वर्षांनी वाड्यात काय झाले हे वर आलेच आहे.

प्रमाणपत्रांची ही योजना तत्त्वतः चांगली आहे, कारण ज्याच्यामुळे खर्च उद्भवतो त्याच्या खिशातून तो यावा हा न्याय तीत आहे. पण रिक्लेम रबर, चुरा, रबरी डांबर यांच्या पंक्तीला या योजनेत भट्टीतले तेल व काजळीही बसविलेली आहे. त्यांना वेगवेगळे वजन दिलेले आहे हे खरे. तरीही वस्तूचे आयुष्य वाढविणारा आणि वस्तू जाळून टाकणारा या दोघांना एकाच नावाने प्रमाणपत्र मिळावे, हे पटत नाही. शिवाय प्रमाणपत्र म्हटले की बनावट प्रमाणपत्र आलेच. प्लॅस्टिकच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत २०२३ मध्ये लाखो बनावट प्रमाणपत्रे उघड झाली. रबरी काँक्रीटमध्ये तर फसवणूक आणखी सोपी. स्लॅब एकदा टाकला की त्यात रबर दहा किलो आहे की तीस किलो, हे डोळ्यांनी कोण सांगणार? तेव्हा चुरा तयार झाला यावर नव्हे, तर तो ठराविक कामात, तपासलेल्या प्रमाणात गेला यावर प्रमाणपत्राची किंमत ठरली पाहिजे. आणि ती तपासणी सार्वजनिक बांधकामाच्या कामावर शक्य आहे, खाजगी बांधकामावर नाही.

म्हणून आरंभ सरकारने स्वतःच्या कामांपासून करावा. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत ज्या बाबीला जागा नाही ती बाब कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रकात धरू शकत नाही, मग ती कितीही उपयुक्त असो. कचेरीत काम केलेल्या कोणालाही हे सांगावयास नको. गच्चीचा रबरी कोबा, रबरी भराव आणि दुभाजक या तीन बाबी सिमेंटच्या कमाल मर्यादेसह दरसूचीत आल्या, जिल्ह्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात ठोकळे तपासून घेण्याची सक्ती झाली आणि चुऱ्याच्या जादा किमतीचा भार टायर कंपन्यांच्या प्रमाणपत्रांतून निघाला, तर शासनाच्या तिजोरीवर फारसा बोजा न पडता दोन-तीन वर्षांत खरे काय ते कळेल. आग लागल्यास असा थर कसा वागतो, हेही त्याच चाचण्यांत पाहून घ्यावे. गच्चीवर आणि बंद खोलीखाली उत्तर सारखे असणार नाही.

टायर कापणाऱ्या माणसाकडे या चर्चेत सहसा कोणी पाहत नाही. पोलादी तारा उपसणे, टायरच्या कडा कापणे ही कामे आजही कित्येक ठिकाणी हातांनी होतात, आणि दळताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. भट्टीऐवजी चक्की आली म्हणजे आपोआप सारे शुद्ध झाले, असे मानण्याचे कारण नाही. धूळ शोषणारी यंत्रणा, मुखपट्ट्या, आरोग्य तपासणी यांचा खर्च चुऱ्याच्या दरात धरला नाही, तर वाड्याची काजळी फक्त रंग बदलून दुसरीकडे उडेल.

आणखी एका गोष्टीची तरतूद आरंभीच केलेली बरी. पुनर्विकासासाठी आज शहरांतून चाळी व जुन्या इमारती पाडल्या जात आहेत, आणि त्यांच्या राडारोड्यातील काँक्रीट फोडून त्याची खडी पुन्हा वापरता येते. त्यात रबर मिसळलेले असेल तर ती खडी बिघडते, आणि ते रबरही पुन्हा हाती लागत नाही. आज गच्चीवर घातलेला रबरी कोबा चाळीस-पन्नास वर्षांनी कोणी तरी फोडणारच आहे. रबर कोणत्या थरात व किती घातले, याची नोंद इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रासोबत महापालिकेच्या दप्तरी राहिली, तर त्या वेळचा कंत्राटदार तो थर आधी वेगळा काढू शकेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागतो.